न धुतलेला खण

दिवाळी अंकासाठी ज्यांचा फोन आला त्या बाई म्हणाल्या, "तुमची यशोगाथा लिहून द्या, साध्या शब्दांत." मी म्हटलं, यश कसलं हो, माझ्या खोलीत चिंध्यांची पोती आहेत आणि पोत्यांवर मांजर झोपलंय, त्याचं लिहू का? त्या हसल्या. मी चेष्टा करत नव्हते. परभणीत उशा शिवण्यात माझी उमर गेली, आणि अजूनही रस्त्यात भेटणारं प्रत्येक माणूस मला एकच वाक्य ऐकवतं, "तुमचं बरंय बुवा, चिंध्या तर जोडायच्या!"

तर आधी चिंध्या कशा जोडतात तेच सांगते, म्हणजे पुढचं समजेल.

सोफ्यावर, पलंगावर टेकायला चौकोनी उशा ठेवतात, दुकानदार त्यांना कुशन म्हणतात. त्यांचे अभ्रे मी करते, तुकडे जोडून. विद्या वाकळीचीच. वाकळ म्हणजे आमच्याकडची गोधडी. पहिलं काम, प्रत्येक तुकडा धुवायचा. कोऱ्या कापडात खळ असते, धुतल्यावर ते आटतं, आणि लाल-जांभळ्याचा रंग जातो. न धुतलेला एखादा तुकडा आत राहिला की पहिल्या पाण्यात तो अख्खी उशी आवळून घेतो आणि शेजारचं पांढरं गुलाबी करून ठेवतो. दुसरं, जाडाशेजारी जाड लावायचं, पातळाशेजारी पातळ. तिसरं, सूत बघून कापायचं. तिरपं कापलं की तुकडा ओढ घेतो. मग तुकडे मशीनवर जोडायचे, खाली जुन्या लुगड्याचा मऊ थर द्यायचा, त्याखाली अस्तर, आणि वरून हाताने धावदोरा. आमच्या बायांचा धावदोरा कडेपासून सुरू होतो, चारी बाजूंनी फिरत फिरत आत जातो आणि शेवटचा टाका मधोमध पडतो. म्हणून मधला तुकडा मानाचा. सगळ्यात शेवटी मागची बाजू लावायची आणि तिला उशी आत सरकवायला तोंड ठेवायचं.

हे तोंड ठेवायला शिकवताना माझे केस पिकले.

माझ्याकडची सगळ्यात जुनी कारागीर म्हणजे कौसाबाई. पोखर्णीची, नरसिंहाची कट्टर भक्त, शनिवारी उपास आणि बाकीचे सगळे दिवस माझं डोकं खाणं. तिच्यासारखा टाका अख्ख्या जिल्ह्यात कुणाचा नसेल. ज्वारीचे दाणे ओळीने मांडावेत तसा. पण पहिल्यांदा तिला घरी न्यायला अभ्रे दिले तेव्हा तिने ते चारी बाजूंनी घट्ट शिवून आणले, आणि वर स्वतःच्या रानातला कापूस आत ठासून भरलेला. एक उशी उचलायची तर दोन हात लागत होते.

"कौसाबाई, हे धुवायचं कसं? तोंड कुठंय?"

"वाकळीला तोंड आस्तंय व्हय कुटं?" ती म्हणाली. "उगं कायबी सांगायलाव तुमी, आक्का."

मी समजावलं, चित्र काढून दाखवलं, शेवटी ओरडले. पुढच्या खेपेला तिने तोंड ठेवलं आणि त्यावर दोन टाके घातले, "उगं उघडं दिसू नाही म्हनून." आजही तिच्या हातचा अभ्रा आला की मी आधी मागची बाजू चाचपते.

गिऱ्हाइकं तर याहून वरताण. चारठाण्याचा एक गडी ट्रॅक्टरच्या सीटसाठी उशी करून घेऊन गेला आणि आठवड्यात परत आला. मला वाटलं फाटली. तसं नव्हतं. त्याच्या आईने ती डोक्याखाली घेतली होती आणि ती काही केल्या देत नव्हती, म्हणून त्याला दुसरी हवी होती, "पन ह्या वक्ताला जरा वंगाळ दिसंल आशी शिवा." वंगाळ दिसेल अशी उशी शिवायची मागणी माझ्याकडे दुसऱ्या कुणी केलेली नाही. जिंतूरच्या एका शाळाबाईंना तुकड्यांचीच उशी पाहिजे होती, पण सगळे तुकडे एकाच रंगाचे. मी म्हटलं, बाई, मग अखंड कापडच घ्या की. त्या म्हणाल्या, "नाही हो, ते हाताने केल्यासारखं वाटत नाही." मी कपाळावर हात मारला आणि शिवून दिली. एकरंगी तुकडे जोडताना डोळ्यांचं काय होतं ते त्यांना काय माहीत.

आता कापड येतं कुठून, तेही सांगते. शिंप्यांकडची कात्रणं येतात, पण खरा साठा खणांचा. घरोघरी ओटीत येतात ते चोळीचे खण, हल्लीचे ब्लाउज पीस. ते कुणी शिवत नाही. या घरी आलेला खण त्या घरी जातो, तिथून तिसऱ्या घरी, आणि फिरून एक दिवस जिने दिला तिच्याच ओटीत येऊन पडतो. घडी तीच, चिकटवलेला कागद तोच. अशा फिरून फिरून दमलेल्या खणांना माझ्याकडे मुक्ती मिळते. गल्लीतल्या बाया कॅरीबॅग भरभरून आणून देतात, "तुमच्या कामाला येतील, मावशी."

मला नवरा जाऊन खूप वर्षं झाली. तेव्हापासून माझी ओटी कुणी भरली नाही, हळदीकुंकवाचं बोलावणं नाही. शेजारच्या घरी संक्रांतीला बायांची रीघ लागते आणि मी आत मशीन चालवत असते. आणि दुसऱ्या दिवशी त्याच बाया तेच खण पिशवीत घालून माझ्या दारात. परभणीतल्या कुठल्याही सवाष्णीला मिळाले नसतील एवढे खण मला मिळाले असतील. वाईट वाटायचं का? वाटायचं. पण रागच जास्त यायचा, कारण अर्धे टेरिकॉटचे असायचे आणि टेरिकॉट माझ्या काही कामाचं नाही.

तर एकदा गंगाखेडच्या महानंदाताई आल्या. नवऱ्याचं तिथं किराणा दुकान. कपाळावर भस्माची रेघ आणि खाली ठसठशीत कुंकू, बोलणं भरभर. रिक्षातून त्यांनी एक पत्र्याची पेटी उतरवून घेतली. मी उघडली आणि क्षणभर माझी कटकट बंद पडली. सगळे खण होते. जुने, विणीचे, जाड, काठाचे. त्यांच्या लग्नापासून त्यांच्या ओटीत पडलेला एकही खण त्यांनी पुढे फिरवला नव्हता.

"सासूबाई लय बोलायच्या," त्या म्हणाल्या. "दिलेलं पुढं द्यावं म्हणायच्या. पण मला वाटायचं, जिनं मला दिला तिनं मलाच दिला की. आता माझी लेक प्रणिता पुण्याला चालली लग्न होऊन. तिला दोन मोठ्या उशा करून द्या, रुखवतात मांडायच्या. आन् नवरानवरी बसतील ती बैठक बी ह्याच खणांची."

बैठक म्हटल्याबरोबर कौसाबाईने सुई खाली ठेवली. "वटीतला खन बुडाखाली घालायचा?"

मी म्हटलं, "कौसाबाई, कापडाला काय कळतंय?"

"कापडाला कळत न्हाई तर न कळू दे. बसनाऱ्याला कळाया पायजे का न्हाई?"

महानंदाताईंना ते तिथल्या तिथं पटलं. बैठक साध्या सुती कापडाची ठरली. मी मनातल्या मनात मापं मोडून पुन्हा मांडली. दोन उशा खणांच्या, टेकायच्या. एकीच्या मध्ये त्यांच्या आईने लग्नानंतर पाठवणीच्या वेळी ओटीत घातलेला लाल खण लावायचा, हे त्यांनी तीनतीनदा सांगितलं. आई आता नाही. "बाकी कुठंबी कायबी लावा मावशी, पण तो मधी."

खण धुवायचं काम मी कौसाबाईवर सोपवलं आणि कापायला बसले. दुपारी मागच्या दारी गेले तर दोरीवर खणांची रांग लागलेली. वाऱ्यावर रंगीबेरंगी सगळं हलत होतं. छान वाटलं. मी हात लावून बघायला हवा होता, पण जिच्याबरोबर निम्मा जन्म गेला तिने धुतलेलं कापड ओलं आहे का ते कोण बघतं?

उशा झाल्या आणि मी खरंच खूश होते. कौसाबाईचा धावदोरा कडेपासून आत आत जात लाल खणाशी येऊन थांबला होता. लग्न तोंडावर आलं होतं. शेवटचा हात म्हणून मी पाणी शिंपडून इस्त्री मारली, आणि माझ्या डोळ्यांदेखत लाल खणाने रंग सोडला. शेजारचा पिवळा नारिंगी झाला. इकडचा एक खण आकसला, तिकडचा एक आकसला, मधले धुतलेले तुकडे फुगून वर आले. दोन्ही उशांची तीच गत. कुशन कसलं, भाजलेलं वांगं दिसत होतं.

"कौसाबाई! हे धुतलेत का?"

तिने सुईत दोरा ओवायला घेतला.

"दोरीवर काय वाळत घातलं होतं मग?"

"ऊन दाखवलं," ती म्हणाली. "जे साधे हुते ते धुतले की. ज्याच्यावर कुकू हुतं त्याला ऊन दाखवलं. कुकवाचं बोट हाय त्याच्यावर, आक्का. ते कसं धुवावं? डाग हाय व्हय त्यो?"

मला काय काय बोलायचं होतं! बोललेही. साबणाच्या वडीपासून नरसिंहापर्यंत कुणालाच सोडलं नाही. म्हटलं, पोरीचं लग्न तोंडावर आहे, त्या बाईने जन्मभर जपलेले खण आहेत आणि तू ऊन दाखवतेस? कौसाबाई पदराने नाक पुसत बसली होती, पण चुकलं असं तिच्या तोंडून निघालं नाही. एवढंच म्हणाली, "मी धुनार न्हाई. तुमाला धुवायचे तर धुवा."

उसवायला बसलो. आमच्या शिवणीत शेवटचा टाका मधोमध पडतो, म्हणून उसवायला सुरुवातही मधूनच करावी लागते. पहिला निघाला तो लाल खण. आणि तो हातात आला तो घडीवरच विरून. इतकी वर्षं एकाच घडीत पेटीत पडून सूत मेलं होतं. शिवलेला असेतो धाग्यांनी धरून ठेवला होता, उसवल्यावर त्याच्या चार पट्ट्या झाल्या. आता कौसाबाई रडली. मला रडायला सवड नव्हती. बाकीचे कुंकवाचे खण मी बादलीत बुचकळले, रागारागाने चोळले आणि ते तांबडं पाणी मोरीत ओतलं. कौसाबाईने तोंड फिरवून घेतलं.

महानंदाताईंना फोन करणं भाग होतं. सगळं सांगितलं. पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला. मग त्या म्हणाल्या, "मधी रिकामं ठिवू नका, मावशी. कुणाचाबी लावा. पण वटीतला पाहिजे. दुकानातला नको."

माझ्याकडे खणांची पोती, आणि त्यातला एकही चालेना. मी एक जाडसर खण काढून दाखवला तर कौसाबाई म्हणाली, "पिशवीतून आला त्यो वटीतला कसा?" ते खरंच होतं. तिने दुसऱ्या दिवशी घरून स्वतःचे दोन आणले. दोन्ही टेरिकॉट, पातळ, चमचमणारे. जाड खणांच्या मधोमध ते लावले असते तर पुन्हा वांगंच झालं असतं. मी नको म्हटलं. ती खट्टू झाली. घरात माझी चिडचिड, बाहेर ऊन, आणि समोर मधे भोक पडलेली उशी.

"तुमचा न्हाई का एकादा?" कौसाबाईने सरळ विचारलं.

होता. राणीसावरगाव माझं माहेर. तिथं आईने माझी शेवटची ओटी भरली तेव्हाचा, वांगी रंगाचा, पिवळ्या काठाचा. त्याच वर्षी आमचे हे गेले. तो खण मी कापला नाही, कुणाला दिला नाही, लुगड्यांच्या तळाशी ठेवून दिला. कौसाबाईला हे कधी सांगितलेलं नव्हतं.

"माझा कसा चालेल?" मी म्हटलं. "नवरीच्या उशीला? लोक काय म्हणतील?"

"कामून चालंना? वटी भरली तवा तुमी सवाशीनच हुता की."

इतक्या वर्षांत कुणी मला असं बोललं नव्हतं. मीही माझा विचार असा केला नव्हता. उठले, ट्रंक उघडली, खण आणून तिच्यापुढे ठेवला. तिने घडी उलगडली, बोटांनी जाडी बघितली, उजेडात धरून सूत बघितलं. पक्कं होतं. मग तिने कोपरा वर केला. तिथं आईच्या बोटांचे कुंकवाचे ठसे होते.

"आक्का," ती म्हणाली, "ह्यो धुतला न्हाई तुमी."

आदल्या दिवशी मी तिला साबण आणि खळ यांच्यावर भाषण दिलं होतं. आयुष्यभर सगळ्यांना देत आलेय. आणि माझ्याच ट्रंकेत न धुतलेला खण. बादली तिथंच होती, भरलेली. मी खण घेऊन बादलीपर्यंत गेले आणि उभी राहिले. हात खाली जाईना. आपल्याच हाताने आईचं बोट पुसायचं म्हणजे काय, हे मला तेव्हा कळलं. फार वाईट वाटलं. कालचं ते मोरीत ओतलेलं पाणी आठवलं.

कौसाबाई उठली. "द्या हिकडं."

"तू तर धुणार नव्हतीस."

"तुमच्यानं हुईना म्हनून धुवायलाव." तिने खण माझ्या हातातून घेतला, वेगळ्या पातेल्यात पाणी घेतलं, आणि लहान लेकराला न्हाऊ घालावं तसा तो बुडवून, सावकाश चोळून काढला. साबण लावला नाही. पाणी तांबूस झालं. ते पातेलं घेऊन ती मागच्या दारी गेली आणि जास्वंदीच्या बुडाशी हळूहळू ओतलं. मोरीकडे तिने बघितलंसुद्धा नाही. मग खण झटकून दोरीवर टाकला आणि मला म्हणाली, "आता वल्ला हाय का बगा हात लावून. उगं परत मला बोल नको."

खण वाळला, मी कापला आणि उशीच्या मध्ये लावला. खोटं कशाला बोलू, पट्टी लावून बघायची त्या दिवशी विसरले. कौसाबाईने धावदोरा पुन्हा कडेपासून फिरवत आणला आणि शेवटचा टाका माझ्या खणावर घातला. कामाची वेळ नसती तर मी तिथंच बसून रडले असते.

महानंदाताई न्यायला आल्या. लाल खण गेला म्हणून डोळे आधीच भरलेले. त्या उशी मांडीवर घेऊन एकेका खणावर बोट ठेवत गेल्या, "हा नणंदेचा. हा शेजारच्या काकूंचा, त्या आता नाहीत. हा प्रणिताच्या वेळच्या डोहाळजेवणातला." कडेकडेने फिरत बोट मध्ये आलं आणि थांबलं.

"आन् हा?"

कौसाबाई तोंड उघडत होती, मी तिला खुणेनं गप्प केलं. माझी गोष्ट मीच सांगायला हवी होती. "तो माझा," मी म्हटलं. "आईने भरलेल्या ओटीतला. शेवटच्या. चालत नसेल तर आत्ता काढते." आणि खरंच कात्री उचलली.

महानंदाताईंनी माझ्या कपाळाकडे बघितलं. मग खणाकडे. उशी त्यांनी जवळ धरली, लांब धरली, मान एकदा या बाजूला केली, एकदा त्या. मला वाटलं, आता म्हणतील काढा, आणि मी काढीन, आणि तेवढ्यावर संपेल. पेटी उचलतील, जातील.

"मावशी," त्या म्हणाल्या, "जरा तिरपा बसलाय का?"

"काय?"

"काठ बघा की. खालून इकडं चढलाय. मधला हाय म्हणून उठून दिसतंय. सगळ्यांची नजर आधी तिथंच जाईल. उसवून नीट लावा, मी बसते. ह्याच्यावर आपण लय जणी हाव, तुमीच तेवढ्या वाकड्या कामून?"

माझा संताप संताप झाला. एवढं सगळं होऊन पुन्हा उसवायचं! कौसाबाई तोंडाला पदर लावून हसत होती. मी म्हटलं, अहो, माझ्या हातून आजवर तिरपं काही गेलेलं नाही. त्या म्हणाल्या, "मग आज कामून जावं?" मी सुई घेतली, मधोमध गेले आणि उसवायला लागले. महानंदाताईंनी स्वतः उठून चहा टाकला, माझ्याच घरात. साखर जास्त झाली.

दोन्ही उशा पुण्याला गेल्या. त्यांचा रंग गेल्याची, त्या आटल्याची तक्रार अजून आलेली नाही. आणि माझा मधला खण आता सरळ आहे. ज्याला शंका असेल त्याने पट्टी लावून बघावं.